१४०० वर्षांचा चांगदेव आणि एल्फ लोकांचं वय

आजचा विषय जरा गमतीचा आहे: एल्फ मोठा होतो म्हणजे नक्की कधी?

तुमच्यापैकी अनेकांनी २०२३ मध्ये आलेली 'फ्रीरेन' ही जपानी ॲनिमे मालिका पाहिली असेल. फ्रीरेन हजार वर्षांहून मोठी, पण दिसते तरुण पोरगी. हिमेल नावाच्या नायकासोबत ती १० वर्षं हिंडते, मग ५० वर्षांनी परत येते. तोवर तो म्हातारा झालेला. त्याच्या अंत्यविधीला तिला रडू फुटतं, कारण या माणसाला ओळखून घ्यायचं राहूनच गेलं. एवढं जगून तिला ही साधी गोष्ट कळली नव्हती.

टॉल्किनने याचा हिशोबच मांडला होता. त्याच्या मृत्यूनंतर १९९३ मध्ये छापलेल्या 'मॉर्गॉथ्स रिंग'मध्ये तो सांगतो, की एल्फचं मूल वर्षाचं होण्याआधीच बोलायला लागतं, पण अंगाने वाढायला त्याला ५० वर्षं लागतात, काहींना तर १००. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या नियमपुस्तकात उलटं आहे. तिथे एल्फचं शरीर माणसाइतक्याच वयात वाढतं, पण तो स्वतःला प्रौढ मानतो शंभरीच्या आसपास.

म्हणजे बघा, वय आणि समज हे दोन वेगळे आकडे आहेत. एक आपोआप वाढतो, दुसऱ्याची गॅरंटी नाही.

आता आपल्याकडे येऊ. १३ व्या शतकातले योगी चांगदेव. आख्यायिका सांगते, मरणाची वेळ आली की ते समाधी लावून काळाला चुकवायचे. असं करत १४०० वर्षं जगले. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून ते पत्र लिहायला बसले आणि मायन्यातच अडकले. 'चिरंजीव' लिहावं तर समोरचा ज्ञानाने मोठा. 'तीर्थरूप' लिहावं तर तो वयाने पोर. शेवटी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाल्या, की इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला! निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल ६५ ओव्या लिहिल्या, तीच 'चांगदेव पासष्टी'. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईंना गुरू केलं.

यात इतिहास किती? १४०० वर्षं कोणी जगत नाही, हे उघड आहे. पण चांगदेव हे नाव खानदेशात खरोखर होतं. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता आणि आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढला, असं त्यात आहे. हा माणूस वेगळा, ज्ञानेश्वरांच्या जन्माआधीचा. तिकडे मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं जुनं मंदिर आहे. एकाच नावाचे अनेक जण लोकांच्या आठवणीत मिसळून एक लांबलचक आयुष्य तयार झालं असेल, असा तर्क करता येतो.

पण खरी गंमत दुसऱ्या बाजूला आहे. परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा, ज्ञानेश्वरी १२९० ची आणि समाधी १२९६ ची. म्हणजे ग्रंथ १५ व्या वर्षी, समाधी २१ व्या वर्षी. मुक्ताबाई त्यांच्याहूनही लहान. ही संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली भावंडं. अशा घरातली एक मुलगी, आणि तिच्यापुढे नामांकित योगी वाकतो. ज्या समाजात वय, जात आणि पुरुष असणं यावर कोण कोणाला शिकवणार हे ठरायचं, त्या समाजाने ही गोष्ट ७०० वर्षं जपून ठेवली. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आजही 'तुझं वय काय, तू मला सांगणार?' हे आपण घरी ऐकतो, ऑफिसात ऐकतो. तिथे अनुभवाची वर्षं मोजतात. त्या वर्षांत माणूस काय शिकला, ते विचारायचं राहून जातं. फ्रीरेनला ते हिमेल गेल्यावर कळलं. चांगदेवांना एका पोरीने वेळेत सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, हा त्यांचा मोठेपणा.

लग्नपत्रिकेत आपण 'चि.' लिहितो ना, त्याचा अर्थ पुष्कळ जगणारा. पुढच्या वेळी पत्रिका हातात आली की चांगदेवांचा तो कोरा कागद आठवा. भेटू पुढच्या भागात!