क्रूसावरची लॅटिन अक्षरे

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात उठलेल्या वादळाची नोंद आपले इतिहासकार घेतात; पण पुढील काळात वाँटेजच्या जोगिणींशी त्यांचा जो दुसरा वाद झडला, त्याकडे क्वचितच लक्ष जाते. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

वादाचे विषय वरकरणी क्षुल्लक आहेत. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेले पुडिंगही त्या वर्ज्य मानत. जेराल्डीनबाईंना त्यात ब्राह्मण्याचा ताठा दिसला. क्रूसावरील लॅटिन अक्षरांना रमाबाईंनी हरकत घेतली. त्यांच्या देशबांधवांना लॅटिन परके. मग ती अक्षरे संस्कृतात का नसावीत? ख्रिस्त स्वीकारला म्हणजे इंग्रज चर्चचे जेवणाचे टेबल आणि रोमचे व्याकरणही स्वीकारले, असे त्यांना मुळीच मान्य नव्हते.

रमाबाईंची बाजू आपल्याला सहज पटते, कदाचित जरा जास्तच सहज. शाकाहार आणि संस्कृत ही ‘भारतीय’ संस्कृती खरी, पण ती कोणाच्या घरातली? जेराल्डीनबाईंची भाषा उद्धट होती, तरी त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता.

हा पेच जुनाच आहे. मदुराईत रॉबर्ट द नोबिली या जेझुइटाने जानवे आणि शेंडी हे धर्माचे नव्हे, कुळाचे चिन्ह आहे असा युक्तिवाद केला आणि १६२३ साली पोपने तो मान्यही केला. ज्यांना जानवे घालण्याचा अधिकारच नव्हता, त्यांना हे ‘निव्वळ चिन्ह’ कसे दिसले असेल? आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापले. ओवी घेतली, पुराणाचा साचा घेतला, स्वर्गाला वैकुंठ म्हटले. मात्र चर्चच्या संस्कारांचे आणि सिद्धांतांचे कितीतरी शब्द त्यांनी पोर्तुगीजच ठेवले. म्हणजे छंदावर विश्वास होता, शब्दावर सर्वत्र नव्हता. संदेश आणि रूढी यांच्यातील रेघ त्यांनी नेमकी कोठे ओढली, हे त्या शब्दांवरूनच वाचता येते. ही मोकळीकही टिकली नाही. १७३६ साली गोव्यातील इन्क्विझिशनच्या फर्मानाने बाटलेल्यांना धोतर, चोळी, तुळस यांची मनाई केली. हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवणेसुद्धा त्यात आले. पातेल्यातल्या मिठाला धर्म चिकटवण्याची ही पराकाष्ठाच म्हणायची!

रमाबाईंच्या उत्तरायुष्याकडे पाहिले की मात्र कोडे पडते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यात हिंदू धर्मविचाराचा वास येणारे शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. संस्कृताचा आग्रह धरणारी हीच का ती विदुषी? माझ्या मते येथे विसंगती नाही. वाँटेजला त्या इंग्रज रूढीची सत्ता नाकारत होत्या, केडगावला पंडिती शब्दांची. मध्यंतरी त्यांच्यापुढचा श्रोता बदलला होता. दुष्काळातून वाचवलेल्या, नाना जातींच्या, बहुधा निरक्षर मुली-बायका समोर होत्या. त्यांना संस्कृत तत्सम शब्द लॅटिनपेक्षा फारसे जवळचे नव्हते. या निवडीची किंमत भाषेने मोजली, हेही नमूद करायला हवे. ज्या शब्दांत मराठी माणूस शतकानुशतके देवाशी बोलत आला, ते वगळल्यावर उरणारी मराठी स्वच्छ असते, पण तिला आठवणी कमी असतात.

नारायण वामन टिळकांनी नेमका उलट मार्ग धरला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग, भजन, कीर्तन सारे ख्रिस्ताकडे वळवले. तुकारामाला सोडण्याची त्यांना गरजच भासली नाही. १९१७ साली मिशनच्या पगारावर पाणी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त तेथे एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना. स्टीफन्स यांनी संस्काराचा शब्द परका ठेवला होता. टिळकांनी तो संस्कारच प्रवेशाच्या अटीतून काढून टाकला. मे १९१९ मध्ये टिळक गेले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, आणि त्यांचे बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे आश्रमातल्या बायकांनी जुळवले होते.