हे ‘नाहीतर’ कोणाचे?

श्रोतेहो, एक साधे वाक्य ऐका. ‘जर पाऊस असेल तर, जर छत्री सापडली तर बाजारात जा, नाहीतर घरीच बस.’ आता हे ‘नाहीतर’ कोणाचे? पावसाचे, की छत्रीचे? घरात आपण अटकळीने निभावून नेतो. संगणकाला अटकळ बांधता येत नाही. एका यंत्राने एक अर्थ घेतला आणि दुसऱ्याने दुसरा, तर एकाच आज्ञावलीची दोन उत्तरे यायची.

१९५८ साली झुरिच येथे युरोप-अमेरिकेतील आठ तज्ज्ञांनी सर्व यंत्रांसाठी एक भाषा आखली. तीच पुढे अल्गोल. त्यांतले जॉन बॅकस यांनी तिची वाक्यरचना नेमकी सांगण्यासाठी एक लेखनपद्धती काढली व १९५९ साली पॅरिसच्या युनेस्को परिषदेत मांडली. फारसे कोणी लक्ष दिले नाही. डेन्मार्कच्या पीटर नाउर यांनी मात्र दिले. कारण वाचताना त्यांना आढळले, की या भाषेविषयी आपली समजूत वेगळी आणि बॅकस यांची वेगळी!

पद्धत अगदी सोपी आहे. ‘अंक’ म्हणजे शून्य ते नऊ यांपैकी एक चिन्ह. ‘संख्या’ म्हणजे एक अंक, किंवा एखादी संख्या व तिच्यापुढे आणखी एक अंक. झाले! दोन ओळींत हवी तेवढी लांब संख्या बसली. संख्येच्या व्याख्येत पुन्हा संख्याच कशी, असे कोणी विचारील. पण उलट सोडवत गेलात तर दर पावलाला एक अंक गळतो आणि शेवटी एकटा अंक उरतो.

नाउर यांनी याच पद्धतीने मसुदा लिहून तो जानेवारी १९६० च्या पॅरिस बैठकीत ठेवला. ‘नाहीतर’चा तिढाही नियमानेच सोडवला: ‘तर’च्या पाठोपाठ दुसरे ‘जर’ लिहायचेच नाही, लिहायचे तर ‘बिगिन’ आणि ‘एंड’ या शब्दांच्या कुंपणात.

१९६४ साली डोनाल्ड क्नूथ यांनी पद्धतीला दोघांचे नाव सुचवले. १९६७ साली तर इंगरमन यांनी ‘पाणिनी-बॅकस’ म्हणावे असे लिहिले. आपल्याला बरे वाटते खरे. पण पाणिनीचे नियम शेजारचा वर्ण, शेजारचे पद पाहून चालतात, बॅकस यांचे तसे चालत नाहीत. साम्य आहे, वारसा नाही.

आणि या पद्धतीने बांधला तो फक्त आकार. अर्थ इंग्रजी गद्यातच राहिला, आणि अल्गोलमधल्या उरलेल्या अडचणींवर क्नूथ यांना १९६७ साली एक स्वतंत्र लेखच लिहावा लागला.