भूविरूपण मापन

भूविरूपण मापन : जमीन खचणे, फुगणे किंवा सरकणे या हालचाली उपग्रहावरील रडार आणि जमिनीवरचे ग्राही (जीपीएस रिसीव्हर) यांच्या साहाय्याने मोजण्याची पद्धती. भूकंप, दरडी, भूजलाचा उपसा व धरणे यांच्या अभ्यासात ती वापरतात.

रडार : एकाच जागेच्या दोन वेळच्या प्रतिमांमधील परावर्तित लहरींच्या कलेतील (फेजमधील) फरक काढला, की जमीन उपग्रहाच्या दिशेने किती हलली ते कळते. या तंत्राला ‘इन्सार’ म्हणतात. हा फरक दाखवणाऱ्या नकाशावरचा एक रंगपट्टा म्हणजे अर्ध्या तरंगलांबीइतकी हालचाल. युरोपच्या सेंटिनेल-१ साठी ती सुमारे २.८ सेंमी. असते. कॅलिफोर्नियातील लँडर्स भूकंपाचा (१९९२) असा नकाशा १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हे तंत्र जगभर पोहोचले. इस्रो व नासा यांचा ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. दर १२ दिवसांनी त्याच कक्षेतून जमीन टिपणाऱ्या या उपग्रहाची २४ सेंमी.ची लहर पिकांतून व झाडोऱ्यातून अधिक खोल जाते.

ग्राही : रडार विस्तीर्ण प्रदेश पाहते, पण ठरावीक दिवशीच; ग्राही एकच बिंदू पाहतो, पण अखंड आणि तिन्ही दिशांनी. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंमी. ईशान्येकडे सरकतो, हे अशाच नोंदींतून मोजले गेले. भूमी अभिलेख खात्याची रोव्हर (फिरत्या ग्राहीने केलेली) मोजणी ज्या ‘कॉर्स’ स्थानकांच्या आधारे होते, तीही अखंड नोंद करणारी ग्राही-स्थानकेच होत. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने हादरलेल्या कोयना परिसरातही जीपीएस निरीक्षणे झाली आहेत.

संगमनेर परिसर : या साधनांच्या मर्यादा संगमनेरच्या उदाहरणावरून समजतात. प्रवरा व म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावरचे हे शहर दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. प्रवरेच्या वरच्या अंगाला १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण आहे. नदीकाठच्या काळ्या जमिनीत दोन्ही साधनांची कसोटी लागते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; शिवाय उभा ऊस वाढतो, हलतो व तोडला जातो, त्यामुळे दोन प्रतिमांचा मेळ बसत नाही. म्हणून येथे उघडा कातळ, धरणाची भिंत, पूल व घरांची छपरे यांवरून परतणारे स्थिर प्रतिध्वनी निवडावे लागतात. ग्राहीचा खांबही मातीत न रोवता खालच्या पक्क्या खडकात बसवावा लागतो. पावसाळी हवेतील बाष्प रडारलहरींना विलंब लावते आणि त्यातून नसलेली हालचाल दिसू शकते; ग्राहींच्या नोंदींवरून हा विलंब काढून वजा करता येतो.

दख्खनच्या पठाराची अंतर्गत हालचाल अतिशय मंद आहे. त्यामुळे एका हंगामाच्या नकाशावरून येथील खडक हलल्याचा निष्कर्ष काढू नये. त्यासाठी अनेक वर्षांच्या, दोन्ही साधनांनी पडताळलेल्या नोंदीच ग्राह्य धराव्यात.