मराठवाड्याच्या प्रशाला : तालुक्याच्या गावचे विद्यार्थिजीवन

तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेचे हायस्कूल असणे ही मराठवाड्याची खास ओळख आहे. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण खेड्यांपर्यंत नेले ते मुख्यतः शिक्षणसंस्थांनी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापलेली रयत शिक्षण संस्था हे त्याचे ठळक उदाहरण. मराठवाड्यात मात्र हा भार दीर्घकाळ सरकारी शाळांनी वाहिला. पुढे त्याच शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या आणि ‘प्रशाला’ म्हणून रूढ झाल्या. पैठण, गंगापूर, कन्नड, सिल्लोड यांसारख्या गावांचे विद्यार्थिजीवन या इतिहासातून घडले आहे.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात प्राथमिक शाळेला तहतानिया, मधल्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कूलला फोकानिया म्हणत. सर्वसाधारणपणे फोकानिया जिल्ह्याच्या ठिकाणी असे आणि तालुक्याच्या गावी वस्तानियापर्यंतच सोय असे. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे माध्यम उर्दू होते आणि बहुतेक सरकारी हायस्कुलेही उर्दूतून शिकवीत. घरी मराठी बोलणारा मुलगा गणित आणि इतिहास उर्दूतून शिकत असे. आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे आणि दप्तरी कामकाजात फसली ही महसुली कालगणना चाले. या पिढीतील अनेकांना उर्दू शायरीची गोडी लागली. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क नाकारला गेल्याची खंतही त्याच पिढीने बाळगली.

या खंतीतून मराठी शाळा उभ्या राहिल्या. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९१५ मध्ये सरस्वती भुवन सुरू झाले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. निजामाच्या राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचे पुढे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्यात आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते. खाजगी शाळा काढायला सरकारची परवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. अशा स्थितीत प्रार्थना, व्यायाम, वक्तृत्वसभा आणि हस्तलिखित मासिके हे या शाळांचे रोजचे जीवन झाले. जाहीर सभांवर बंधने असलेल्या संस्थानात विद्यार्थ्यांना चार लोकांसमोर बोलायला शिकवणारी जागा म्हणजे शाळेचे स्नेहसंमेलन.

नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हटले. त्यावर बंदी येताच संप झाला आणि तो उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचला. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. औरंगाबादच्या सरकारी हायस्कुलात शिकवणारे गोविंदभाई श्रॉफ नोकरी सोडून मुक्तिसंग्रामात उतरले आणि त्याचे एक प्रमुख नेते झाले. शाळेतील सकाळची प्रार्थना आणि राष्ट्रीय चळवळ यांचे नाते मराठवाड्यात इतके जवळचे आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. हायस्कुलांचे माध्यम हळूहळू मराठी झाले. उर्दूतून शिकलेल्या शिक्षकांनी मराठी परिभाषा आत्मसात केली आणि ते नव्या पिढीला त्यांच्या भाषेतून शिकवू लागले. १९५२-५३ च्या, माध्यमिक शिक्षणावरील मुदलियार आयोगाच्या शिफारशीनुसार काही हायस्कुले बहुउद्देशीय झाली. नांदेडच्या मल्टिपर्पज हायस्कूलच्या नावात ती खूण अजून शिल्लक आहे. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. दोन वर्षांनी, १ मे १९६२ रोजी, जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि सरकारी हायस्कुले त्यांच्याकडे सोपवण्यात आली. अनेक प्रशालांत मराठीबरोबर उर्दू माध्यमाच्या तुकड्याही राहिल्या, त्यामुळे दोन्ही माध्यमांची मुले एकाच मैदानावर कबड्डी आणि खो-खो खेळली.

या काळातले विद्यार्थिजीवन एसटीभोवती फिरत असे. आसपासच्या खेड्यांत सातवीपर्यंतच शाळा असे. पुढे शिकायचे तर तालुक्याला खोली करून राहावे लागे. दोन-चार मुले मिळून खोली भाड्याने घेत आणि घरून भाकरी-कोरड्यासाचा डबा एसटीने येई. डबा ड्रायव्हर-कंडक्टरच्या हवाली होई आणि विद्यार्थी बसस्थानकावर त्याची वाट पाहत उभे राहत. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. ही ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलांना शाळेत टिकवून ठेवणारी ठरली. मुलींची वाट जास्त खडतर होती. गाव ते तालुका हे अंतरच त्यांची शाळा सुटण्याचे मोठे कारण होते. अहिल्याबाई होळकर योजनेतील एसटीचा मोफत पास आणि पुढे मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस यांनी हे अंतर कमी केले.

प्रशालेचे वर्ष ठरावीक क्रमाने जाते. जूनमध्ये प्रवेश, १५ ऑगस्टला प्रभातफेरी, ५ सप्टेंबरला शिक्षक दिन. त्या दिवशी दहावीची मुले खालच्या वर्गांना शिकवतात. त्यानंतर येतो १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे या दिवसांप्रमाणेच या दिवशीही ध्वजवंदन होते, आणि हे मराठवाड्याच्या शाळांचे वैशिष्ट्य आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील हुतात्मा स्तंभाजवळ मुख्य शासकीय सोहळा होतो, तर गावोगावच्या प्रशालांत मुक्तिसंग्रामावर भाषणे होतात. पूर्वी गावातले स्वातंत्र्यसैनिक स्वतः येऊन आठवणी सांगत.

दिवाळीनंतर सहली निघतात. वेरूळ, दौलताबाद, अजिंठा आणि पैठणचा नाथसागर ही छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातली नेहमीची ठिकाणे. पुढे क्रीडास्पर्धा आणि लेझीम यांसह स्नेहसंमेलन, मग दहावीचा निरोप समारंभ. त्यात विद्यार्थी शाळेला घड्याळ, पंखा किंवा थोर पुरुषांची तसबीर भेट देतात. फाल्गुनातल्या नाथषष्ठीला पैठणचे सारे गाव यात्रेत असते आणि वर्ग ओस पडतात. १ मे रोजी ध्वजवंदनानंतर निकाल वाटले जातात. दहावीची परीक्षा मात्र मंडळाची. १९७५ पूर्वी शालान्त परीक्षा अकरावीला असे. त्या वर्षी दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि शाळेचा मुक्काम एका वर्षाने घटला.

गेल्या काही दशकांत अनुदानित संस्था आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या आणि प्रशालांचा पट घटला. जे शिकवणी आणि खाजगी शाळेचा खर्च करू शकत नाहीत, त्यांच्यासाठी मात्र हीच शाळा आजही हक्काची आहे. अनेक प्रशालांच्या कपाटांत निजामकाळापासूनची दाखल-खारीज रजिस्टरे आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा अशा शालेय नोंदीही तपासल्या गेल्या आणि त्यांचे मोल सर्वांना कळले. त्यांच्यासोबत स्नेहसंमेलनांची छायाचित्रे आणि हस्तलिखित अंकही जपले पाहिजेत. मराठवाड्यातली सामान्य घरातली मुले-मुली कशी शिकली, हे सांगणारा पुरावा तिथेच आहे. जिल्हा परिषदांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळून तो वेळीच सुरक्षित करावा.