फॉग लाइट : उजेड कुठे पडू नये याचे शास्त्र

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत रात्री-पहाटे गाडी हाकणाऱ्याला समोरचे दिसेनासे करणाऱ्या गोष्टी तीन. पहिली हिवाळी धुके. भात कापून झाल्यावर शेतात ओल उरते, त्या ओलीवर वाल पेरतात. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री जमीन गार पडली की ती ओल अंबा आणि कुंडलिकेच्या सखल खोऱ्यांत, खारेपाटातल्या बांधांवर धुके होऊन बसते. शेतात मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या पोपटीचा हंगामही तोच, त्यामुळे शेताडीच्या रस्त्यांवर उशिरापर्यंत माणसे आणि गाड्या असतात. दुसरी गोष्ट पावसाळी ढग. सुकेळी खिंडीत तो अंगावर येतो आणि कोलाडहून ताम्हिणी चढू लागले की गाडीच ढगात शिरते. तिसरी धूळ. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे २०११ साली सुरू झालेले चौपदरीकरण एका तपाहून अधिक काळ रेंगाळले. वळणरस्त्यांवरून अवजड गाड्या गेल्या की मागे उठणारा धुरळा रात्री धुक्याइतकाच आंधळा करतो.

या भागात थार, जिम्नी, गुरखा अशा गाड्या हौसेने घेतल्या जातात, तशा गरजेनेही. गाडी दारात आली की थोड्याच दिवसांत बंपरवर एलईडी दिव्यांची जोडी चढते. दुकानात विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो : किती वॅटचा? धुक्यात या प्रश्नाच्या उत्तराने फारसा फरक पडत नाही. का पडत नाही, हे आधी पाहिले पाहिजे. बसवण्याचे सगळे नियम तिथूनच निघतात.

धुक्याचा थेंब काही मायक्रॉनांपासून काही दशक मायक्रॉनांपर्यंतचा असतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. थेंब तरंगलांबीपेक्षा इतका मोठा असल्यामुळे तो निळा, पिवळा, तांबडा असे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतो. म्हणून तर धुके पांढरे दिसते. विखुरलेला बराचसा प्रकाश पुढेच जातो, पण थोडा भाग उलट फिरून चालकाच्या डोळ्यांत येतो. समोर उभी राहणारी पांढरी भिंत ती हीच. अप्पर लावला की भिंत आणखी उजळते, हा अनुभव प्रत्येक चालकाला आहे.

आता आकडा घेऊ. दृश्यमानता ५० मीटर असलेले दाट धुके धरा. अशा धुक्यात प्रकाश दर मीटरला सुमारे सहा टक्के क्षीण होतो आणि आपल्याला तो दोनदा ओलांडायचा असतो : दिव्यापासून वस्तूपर्यंत आणि वस्तूपासून डोळ्यापर्यंत. पंचवीस मीटरवरच्या म्हशीवरून परत येणारा प्रकाश स्वच्छ हवेच्या मानाने जेमतेम पाच टक्के उरतो. दिव्याची शक्ती दुप्पट केली तर हिशेबाने पल्ला जास्तीत जास्त सहा मीटरने वाढेल. प्रत्यक्षात तेवढाही वाढत नाही, कारण दिवा दुप्पट झाला की डोळ्यांत परतणारी पांढरी भिंतही दुप्पट उजळते. वस्तू आणि पार्श्वभूमी यांतला फरक होता तिथेच राहतो, आणि दिसणे या फरकावर अवलंबून असते. पैसे वॅटवर घालवून धुक्यात हाती येते ते इतकेच.

मग फॉग लाइट काय करते? ती डोळ्यासमोरच्या धुक्यात उजेड जाऊ देत नाही. तिचा झोत रुंद आणि चपटा असतो, त्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी आडवी असते, आणि दिवा डोळ्यापासून शक्य तितका खाली बसवलेला असतो. चालकाचा डोळा जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर आणि दिवा साठ सेंटिमीटरवर असेल, तर नजरेची रेषा आणि झोत जवळच्या अंतरात एकमेकांना भेटतच नाहीत. रस्त्याची कड, साइडपट्टी, पांढरा पट्टा, खड्डा एवढे उजळते, वरचे धुके अंधारात राहते. उलट छतावरच्या लाइट बारचा प्रकाश डोळ्याच्या अगदी वरून निघतो आणि संपूर्ण नजरेतले धुके पेटवतो. वर बोनेटही चकाकते. स्वच्छ हवेत मोकळ्या माळावर तो बार कामाचा असेल. धुक्यात तो अपाय करतो.

पिवळ्या दिव्याबद्दल एक समजूत घट्ट आहे की पिवळा उजेड धुके भेदतो. वर सांगितलेल्या थेंबांच्या मापामुळे ती टिकत नाही. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे दिवे सक्तीचे होते. त्या इतक्या वर्षांनीही धुके भेदले गेले नाही. तरी पिवळ्याची एक बाजू खरी आहे. पांढरी एलईडी म्हणजे निळा प्रकाश देणारी चकती आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर. स्वस्त, ६५०० केल्विनच्या दिव्यात निळा अंश बराच असतो आणि निळ्या चकाकीने डोळा अधिक त्रासतो. पिवळ्यात तो अंश गाळला जातो, म्हणून ओल्या डांबरावर लांब प्रवासात पिवळा सुसह्य वाटतो. त्याला एवढे श्रेय द्यावे, जास्त नको.

दिवा निवडताना वॅट आणि ल्यूमेन सोडून काचेवरची खूण पाहावी. आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या दिव्यावर वर्तुळात ई आणि आकडा कोरलेला असतो. फॉग लाइट म्हणून मान्यता असेल तर रोमन लिपीतले ‘बी’ हे अक्षर किंवा नव्या वर्गासाठी ‘एफ’ आणि ३ असते. ही खूण झोताच्या आकाराबद्दलची आहे : वरची कड ठरलेल्या जागी आणि तिच्यावर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उजेड नाही. बाजारातल्या चौकोनी, बारा-सोळा ठिपक्यांच्या दिव्यांना बहुधा कडच नसते. ते मुळात शेतात वा खाणीत काम करताना लावायचे दिवे आहेत. आणखी एक फसवी सोय म्हणजे कंपनीच्या हॅलोजन फॉग लाइटमध्ये नुसता एलईडी बल्ब टाकणे. परावर्तक तारेच्या बारीक फिलामेंटभोवती बेतलेला असतो. एलईडीची चकती त्या जागी तंतोतंत बसली नाही की कड विस्कटते आणि उजेड वर उधळतो. बदलायचे तर पूर्ण युनिट बदलावे.

जागेचा प्रश्न त्यानंतर. संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमानुसार मोटारीची पुढची फॉग लाइट जमिनीपासून २५० ते ८०० मिलिमीटरच्या दरम्यान असावी, डिप्परच्या वर जाऊ नये, आणि गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४०० मिलिमीटरच्या आत असावी. ऑफ-रोड गाडीत इथे एक पेच आहे. तीन दारांच्या थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, म्हणजे साठ सेंटिमीटरवरचा दिवा त्या पाण्यात पूर्ण बुडतो. दिवा वर घ्यावा तर धुक्यात वाया, खाली ठेवावा तर ओढ्यात. माझे मत खाली ठेवण्याच्या बाजूचे आहे. पाणी दिव्याबाहेर ठेवता येते, भूमिती बदलता येत नाही. बुल बारवर दिवे चढवणे मात्र टाळावे. असे अनधिकृत बार काढायला लावा, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे.

झोत नेमका लावणे हे या साऱ्या कामातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम. सपाट जागी गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करावी, टायरची हवा बरोबर असावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणावी आणि झोताची कड त्या खुणेच्या पाच ते साडेसात सेंटिमीटर खाली आणावी. म्हणजे एक ते दीड टक्का उतार. साठ सेंटिमीटरवरच्या दिव्याची कड एक टक्का उताराने ६० मीटरवर आणि दीड टक्क्याने ४० मीटरवर रस्त्याला टेकते. आता मागे माणसे आणि सामान भरा. थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर. मागची बाजू पुढच्यापेक्षा चार सेंटिमीटर जास्त दबली की गाडीचे नाक सुमारे १.६ टक्के वर उचलले जाते. दीड टक्क्याचा उतार तिथेच संपला, झोत आडवा झाला आणि समोरच्याच्या डोळ्यांत गेला. म्हणून नेहमी भरून जाणाऱ्या गाडीचा झोत भरलेल्या स्थितीतच लावावा. सस्पेन्शन उंच करून घेतले असेल तर तो पुन्हा लावणे आलेच.

याच आकड्यांतून वेगाची मर्यादाही निघते. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दचकून ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद, मग ओल्या रस्त्यावर थांबायला साधारण पंधरा मीटर. एकूण ३२ मीटर. ताशी ६० ला हेच अंतर ६० मीटर होते. दाट धुक्यात फॉग लाइट तीसेक मीटर दाखवत असेल, तर ती चाळिशीचीच परवानगी देते.

आता वायरिंग. एलईडी थोडी वीज खाते म्हणून ते कसेही चालते, असे समजणे घातक. वीस वॅटचे दोन दिवे साडेतेरा व्होल्टला सुमारे ३ अँपिअर घेतात. बॅटरीपासून जाऊन-येऊन आठ मीटर वायर धरली, तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत पाव व्होल्टच्या आसपास पडझड होते, अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीत ती ०.८ व्होल्टवर जाते. हॅलोजन असता तर दिवा मिणमिणला असता आणि दोष कळला असता. एलईडीच्या आतला ड्रायव्हर बहुधा दिव्याचा प्रवाह स्थिर ठेवतो, व्होल्टेज उतरले की बॅटरीकडून जास्त प्रवाह ओढतो. उजेड तसाच राहतो आणि तापते ती वायर. त्यामुळे वायर जाडच घ्यावी आणि ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात टाकावा. फ्यूज वायरीसाठी असतो. तो दिव्याजवळ टाकला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते.

चार पायांच्या रिलेत ३० क्रमांकाला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवे, ८६ ला डॅशबोर्डवरच्या बटणाची वायर आणि ८५ ला अर्थ. बटणाला वीज पार्किंग लाइटच्या सर्किटवरून द्यावी, म्हणजे गाडी बंद करून उतरताना दिवे विसरून राहत नाहीत. नव्या गाड्यांत कंपनीच्या दिव्यांवर बॉडी कंट्रोल मॉड्यूलची नजर असते आणि काहींत वीज तुकड्या-तुकड्यांनी दिली जाते. अशा वायरीला टाचणी टोचून फाटा काढला की रिले टकटकत राहतो, मीटरवर बिघाडाची खूण येते, आणि वॉरंटीचा वाद उभा राहतो तो वेगळाच. मूळ हार्नेस न कापता बसणारा कपलरचा सेट थोडा महाग पडतो, पण तोच घ्यावा. दिवे लावल्यावर एफएम रेडिओ खरखरू लागला, तर ड्रायव्हर हलक्या प्रतीचा आहे असे समजावे.

अर्थिंगसाठी बॉडीवर रंग खरवडून लग घट्ट आवळतात आणि बहुतेक गॅरेजांत काम तिथे संपते. या भागात ते संपत नाही. पेणच्या खाडीकाठी मिठागरे होती, रोह्याहून रेवदंड्याकडे गेले की समुद्र. हवेत मीठ आहे आणि वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. खरवडलेली जागा एका पावसाळ्यात गंजते आणि दिवा लुकलुकू लागतो. जोडावर ग्रीस, त्यावर रंग, आणि शक्यतो वायर कथिलाचा मुलामा असलेली, बोटींत वापरतात तशी. दिव्याची बॉडी ॲल्युमिनियमची आणि बोल्ट स्टेनलेसचे असतील, तर खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. मधे नायलॉनचा वॉशर टाकावा.

पाण्याबद्दल खोक्यावर आयपी ६७ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तोही प्रयोगशाळेत. एलईडीची उष्णता मागच्या पंख्यांतून बाहेर पडते, त्यामुळे तासभर चाललेला दिवा आतून तापलेला असतो. तो ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि रबराच्या फटीतून पाणी ओढून घेते. हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी झडप असलेला दिवा म्हणूनच चांगला. शिवाय ओढ्यात उतरण्याआधी काही मिनिटे दिवे बंद ठेवावेत. हॅलोजन स्वतःच्या उष्णतेने काचेवरचा दमटपणा सुकवतो, एलईडीची काच थंडच राहते. काचेवर चिखल बसला तर तो हातानेच पुसावा लागतो, आणि चिखलाने माखलेल्या काचेतून झोताची कडही धूसर होते.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तक विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. केंद्रीय नियम १११ पूर्वपरवानगीशिवाय पुढे स्पॉटलाइट वा सर्चलाइट लावायला मनाई करतो. नियम १०६ तर सरळ भूमितीच सांगतो : दिव्यापासून आठ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला झोताने दिपवता कामा नये. मान्यताप्राप्त, खाली बसवलेली आणि खाली वळवलेली जोडी या कसोटीवर उतरते. छतावरचा बार उतरत नाही. सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनी देते तेच युनिट अधिकृत विक्रेत्याकडून बसवून घेणे आणि बिल जपून ठेवणे.

पावसाळ्याआधी काच, अर्थ आणि बोल्ट तपासाच. आणि गणपतीला गावी निघाल तेव्हा माणसे, बॅगा, मखर सगळे भरून झाल्यावर गाडी एकदा भिंतीसमोर उभी करून कड पाहा. वडखळपासून पुढे समोरून येणारी रांग अखंड असते आणि तिच्यातल्या प्रत्येकाला तुमचा झोत सोसावा लागतो.