पाचोळ्यातले भुंगेरे: जुन्नर-आंबेगावच्या प्रजातींना नावे कशी मिळाली

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांची पश्चिम कड म्हणजे सह्याद्रीचा माथा. नाणेघाटापासून दक्षिणेकडे आंबे-हातवीज, दुर्गवाडी, आहुपे आणि पुढे भीमाशंकरपर्यंत या माथ्यावर जुन्या जंगलाचे तुकडे टिकून आहेत. अंजनी, जांभूळ, पारजांभूळ, पिसा, हिरडा ही त्यांतली नेहमीची झाडे. त्यांच्याखाली पाचोळ्याचा थर साचतो: वरची पाने सुटी, मधली बुरशीने एकमेकांना चिकटलेली, तळाची मातीत मिसळत चाललेली. पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री मंद उजेड देते आणि तो पाहायला लोक मुद्दाम येतात. त्याच थरात एक-दोन मिलिमीटर लांबीचे भुंगेरे राहतात. त्यांची नोंद मात्र या भागातल्या जीवसृष्टीत सर्वांत उशिरा, आणि तीही तुटक झाली आहे.

पाचोळ्यातल्या भुंगेऱ्यांचा पसारा मोठा आहे. पुढचे पंख आखूड आणि पोट उघडे असलेले स्टॅफिलिनिडी कुळातले भुंगेरे बहुतांशी शिकारी असतात. माइट, कोलेम्बोला यांसारखे बारीक जीव हे त्यांचे भक्ष्य. टिलिइडी कुळातल्यांचे पंख पिसासारखे झालरदार असतात आणि ते बुरशीच्या बीजाणूंवर जगतात. जगातला सर्वांत लहान भुंगेरा याच कुळातला. कोलंबियातल्या नमुन्यावरून २०१५ साली प्रसिद्ध झालेले त्याचे माप ०.३२५ मिलिमीटर आहे. सर्वांच्या ओळखीचा काजवा हाही भुंगेराच, आणि त्याच्या अळीचे आयुष्य जमिनीवरच्या ओलसर पाल्यात गोगलगायी खाण्यात जाते.

या प्रदेशातल्या प्राण्यांना शास्त्रीय नावे देण्याची सुरुवात इंग्रजी अमलाबरोबर झाली. १८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम सोपवले. साइक्स यांनी जमिनी, पिके आणि लोकसंख्येबरोबर पक्षी, प्राणी, मासे यांचेही नमुने जमवले. १८३१ साली ते इंग्लंडला परतले आणि त्याच सुमारास लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात दख्खनच्या सस्तन प्राण्यांची व पक्ष्यांची यादी छापली गेली. ढोकरी हा आपल्याकडे पाणवठ्यापाणवठ्यावर दिसणारा बगळा शास्त्राला त्या यादीतून माहीत झाला. पश्चिम घाटातल्या शेकरूला त्यांनी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. शेकरूचे शास्त्रीय नामकरण आधीच, १७७७ साली झालेले असल्यामुळे साइक्स यांचे नाव पुढे उपप्रजातीपुरते राहिले. भीमाशंकरचे अभयारण्य आज याच शेकरूसाठी ओळखले जाते.

साइक्स यांची नजर लहान जीवांवरही होती, आणि ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १८३५ साली त्यांनी भारतातल्या मुंग्यांच्या नव्या प्रजातींवर लेख प्रसिद्ध केला. त्यातली एक मुंगी पुण्यात कवायतीच्या मैदानाजवळ सापडली होती. पावसात भिजलेले गवताचे बी ती वारुळाबाहेर आणून उन्हात वाळत घालत असे. मुंग्या धान्य साठवतात या जुन्या समजुतीवर युरोपातले कीटकशास्त्रज्ञ तेव्हा विश्वास ठेवत नव्हते. पुण्याच्या या नोंदीने त्या वादात प्रत्यक्ष पुरावा दिला. फेइडोले प्रोव्हिडेन्स हे तिचे नाव अजून चालते. साइक्स यांच्या कामात एक उणीव मात्र होती. पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या यादीत ठिकाण म्हणून पुष्कळदा ‘दख्खन’ एवढेच लिहिलेले असे. उडणाऱ्या पक्ष्याला ते चालून जाते. एका डोंगरापलीकडे न जाणाऱ्या भुंगेऱ्यासाठी अशी नोंद निरुपयोगी आहे.

प्रजातीचे वर्णन आणि नेमके गाव यांची सांगड जुन्नरला आधी वनस्पतींच्या बाबतीत घातली गेली. नारायणगावजवळच्या हिवरे येथे सरकारी बाग होती. दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिची देखभाल करत आणि तिथे औषधी वनस्पतींची लागवड होई. गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले निकोल डॅल्झेल यांनी १८६५ साली फ्रेरिया इंडिका या नावाने एका वनस्पतीचे वर्णन छापले. मांसल खोडाची ही वनस्पती कड्यांवर वाढते, तिला तांबूस-जांभळी, पिवळ्या ठिपक्यांची फुले येतात. मराठीत ती शिंदळ माकुडी. तिचे मूळ ठिकाण म्हणून हिवरे-जुन्नरची नोंद झाली आणि शिवनेरीच्या कड्यावरही ती आढळते. पुढे जगातल्या अतिसंकटग्रस्त वनस्पतींत तिची गणना झाली, तेव्हा कुठे शोधायचे हे ठाऊक होते, कारण मूळ वर्णनात जागा दिलेली होती.

कीटकांच्या वाट्याला अशी शिस्त उशिरा आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर. सी. रॉटन या वनाधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातून मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे पाठवल्या आणि त्यांतून कितीतरी नव्या प्रजातींची वर्णने झाली. भुंगेऱ्यांसाठी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ ही ग्रंथमाला पायाभूत ठरली. आरमारातले निवृत्त डॉक्टर माल्कम कॅमेरॉन यांनी १९३० ते १९३९ या काळात स्टॅफिलिनिडी कुळावरचे चार खंड त्या मालेत लिहिले. पण कॅमेरॉन यांच्या हाती आलेले पुष्कळसे नमुने हिमालयाच्या पायथ्याचे आणि निलगिरीचे होते. १९७२ साली जिनिव्हाच्या संग्रहालयातले बेस्युशे, लोब्ल आणि म्युसार हे तिघे दक्षिण भारतात आले. त्यांनी केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत पाचोळा चाळला, आणि त्या सामग्रीवरून पुढे अनेक वर्षे नव्या प्रजाती वर्णिल्या गेल्या. उत्तर सह्याद्री या वाटेवर नव्हता. इथल्या पाचोळ्यात नवे काही नाही म्हणून नव्हे, तर इथे कोणी चाळणी धरली नाही म्हणून ही पोकळी राहिली.

पाचोळा चाळण्याची पद्धत साधी आहे. जाळीच्या चाळणीतून पाने झाडून घेतली की मोठा कचरा वर राहतो आणि चुरा पिशवीत पडतो. इटलीच्या अंतोनिओ बर्लेसे यांनी १९०५ साली या चुऱ्याला ऊब देऊन कीटक खाली उतरवण्याचे नरसाळे तयार केले; १९१८ साली स्वीडनच्या टुलग्रेन यांनी त्यात विजेचा दिवा आणला. जंगलातल्या मुक्कामाला मात्र विंकलर पिशवी सोयीची. तिच्यात चुरा जाळीदार पिशव्यांत घालून टांगून ठेवतात. चुरा वाऱ्याने सुकत जातो, ओलाव्याच्या शोधात जीव खाली सरकतात आणि तळाच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. वीज लागत नाही.

खरे काम त्यानंतर सुरू होते. एक मिलिमीटरच्या दोन भुंगेऱ्यांत बाहेरून फरक दिसेलच असे नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली नराचे जननांग सुईने वेगळे काढून काचपट्टीवर बसवतात आणि त्याचा आकार रेखाटतात. बहुतेक वेळा प्रजाती तिथेच ओळखू येते. मग आधी वर्णिलेल्या सर्व जवळच्या प्रजातींशी, शक्य तिथे मूळ नमुन्यांशी, तुलना करावी लागते. कॅमेरॉन यांचा संग्रह लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे, त्यामुळे भारतातल्या अभ्यासकाला ही पायरी सर्वांत महागात पडते.

नावासाठी आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहिता पाळावी लागते. लिनियसच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासूनची नावे ती मानते. २००० सालापासून नवी प्रजाती जाहीर करताना मूळ नमुना, बहुधा एकच होलोटाइप, स्पष्ट नेमून तो कोणत्या संग्रहात ठेवला हे सांगणे बंधनकारक आहे. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचा नमुना अधिकृत भांडारात जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी असे एक भांडार भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग हे आहे आणि त्याचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. साइक्स यांचे नमुने बोटीने लंडनला गेले होते. आज आहुप्याचा भुंगेरा जिल्ह्याबाहेर न जाताही शास्त्रात दाखल होऊ शकतो.

हा पाचोळा शिल्लक कसा राहिला, याचे उत्तर गावच्या चालीरीतींत आहे. मावळातल्या भातशेतीत राब भाजण्याची जुनी पद्धत आहे. रोपे टाकायच्या जागेवर शेण, टहाळ, गवत आणि पातेरा पसरून तो जाळतात आणि पावसाच्या तोंडावर तिथे बी पेरतात. त्यासाठी पिढ्यान् पिढ्या जंगलातला पातेरा गोळा झाला. शेतकऱ्याला पर्याय नव्हता, पण त्यामुळे गावाभोवतीच्या रानाची जमीन दरवर्षी उघडी पडत गेली. देवराई याला अपवाद होती. देवाच्या रानातली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नेम महादेव कोळी समाजाच्या गावांनी पाळला. आहुप्याच्या भैरवनाथाची आणि दुर्गवाडीच्या दुर्गादेवीची राई अशा नेमामुळे उभी आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल अभ्यासकांपुढे मांडले. त्यांचा भर झाडांवर होता. पण जो नेम झाड राखतो तोच पाचोळाही राखतो.

पाचोळ्यातल्या अनेक भुंगेऱ्यांना उडता येत नाही. वर्षातले सात-आठ महिने कोरडे जाणाऱ्या या प्रदेशात त्यांना ओली सावली सोडून उघडे माळ ओलांडणे जमत नाही. त्यामुळे दोन डोंगरांवरच्या दोन राया त्यांच्या दृष्टीने दोन बेटे आहेत आणि एकीतली प्रजाती दुसरीत नसणे शक्य आहे. अशा ठिकाणी राईभर झाडलोट करणे किंवा जीर्णोद्धाराच्या वेळी देवळाभोवती काँक्रीटचे अंगण पसरवणे फार नुकसानीचे ठरते: झाडे जागेवर राहतात आणि त्यांच्या मुळाशी असलेली वस्ती संपते. देवळाचे काम जरूर व्हावे, पण ते जोत्यापुरते असावे आणि राईतला पाचोळा आजवर पडला तसा पडू द्यावा. त्यातल्या भुंगेऱ्यांची वर्णने अजून व्हायची आहेत.