हायवेला ३५० ची क्रूझर चालते का? भाच्याच्या एका प्रश्नावरून थोडा इतिहास

(पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात कुणी पुणे-सातारा बाईकवर ये-जा करतं, त्यांनी मात्र वेळ काढून वाचा.)

भाचा पुण्यात नोकरीला लागला. दर शनिवारी साताऱ्याला येणार, सोमवारी पहाटे परत जाणार. पहिल्या पगारापासूनच त्याचं ठरलंय, ३५० सीसीची क्रूझर घ्यायची. परवा फोन आला, "मामा, तू इतकी वर्षं त्या रस्त्याला गाडी चालवतोयस. खरं सांग, हायवेच्या स्पीडला ही गाडी चालते का? मित्र म्हणतात, दम नाही तिच्यात."

तोंडावर "चालते की!" आलं होतं, पण मी थांबलो. वीस वर्षं झाली, "अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार जागीच ठार" ही बातमी मी लिहितोय. गावाचं नाव बदलतं, वय बदलतं, बाकी मजकूर तोच. त्यातल्या किती गाड्यांना दम नव्हता? एकाही बातमीत मी गाडी कमी पडली असं लिहिल्याचं आठवत नाही. म्हणून त्याला म्हटलं, दोन दिवस दे, नीट सांगतो. हे त्याचंच उत्तर आहे, सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून इथे टाकतोय.

सुरुवात बुलेटपासून करावी लागेल. १९५४ मध्ये भारतीय लष्कराने ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला त्यांचं उत्पादन करण्यासाठी कंपनी उभी राहिली. गाडी मूळची इंग्लंडची. ३४६ सीसी, सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ९० मिलिमीटर. या दोन आकड्यांतच बुलेटचा स्वभाव आहे. लांब पल्ल्याचं इंजिन सावकाश फिरतं, पण खालूनच जोर देतं. घाटात चौथ्या गिअरला धुगधुगत चढून जातं. तेच इंजिन मिनिटाला ४ हजार फेऱ्यांवर नेलं, की पिस्टनला दर मिनिटाला ७२० मीटर वर-खाली धावावं लागतं, आणि प्रत्येक टोकाला थांबून उलट फिरावं लागतं. हँडल थरथरतं, आरशात मागचं काही दिसत नाही, नट ढिले होतात.

पण त्या काळी हे कुणाला खटकलं नाही, कारण रस्ताच तसा होता. माझ्या लहानपणीचा पुणे-बंगळूर रस्ता, म्हणजे जुना एनएच ४, आठवून बघा. दोन पदरी, दोन्ही बाजूंना वडाची झाडं, पुढे ट्रक धूर सोडत ४० ने चाललेला. आमच्या गावातले डॉक्टर बुलेटवरून ६० ने गेले तरी लोक म्हणायचे, "डॉक्टर सुसाट गेले." १८ हॉर्सपॉवरची ती गाडी त्या रस्त्याची राजा होती. तिला मागे टाकणारं फारसं काही रस्त्यावर नव्हतंच.

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण क्रूझर हा आकार तिकडचा. खाली बसायचं, पाय पुढे सोडायचे, हँडल छातीपर्यंत मागे ओढलेलं. सरळ, रुंद, न संपणाऱ्या रस्त्यांसाठी ही बैठक. गंमत म्हणजे या प्रकारातल्या मधल्या आकाराच्या गाड्या तिथे वाढल्या त्या सरकारी निर्णयांच्या सावलीत. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७४ पासून अमेरिकेत देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा लागली. ती १९८७ पर्यंत जवळपास तशीच होती. ८८ च्या वर जायचंच नसेल, तर भल्यामोठ्या इंजिनाची गरज काय? जपानी कंपन्यांनी नेमक्या याच काळात मध्यम क्रूझर बाजारात आणल्या.

त्यात १९८३ साली अध्यक्ष रेगन यांनी हार्ले-डेव्हिडसनला वाचवण्यासाठी ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटरसायकलींवरचा कर ४.४ टक्क्यांवरून थेट ४९.४ टक्क्यांवर नेला. जपान्यांनी काय केलं? ७५० च्या इंजिनांना कात्री लावून ती ७०० च्या आत बसवली. म्हणजे गाडी किती मोठी असावी हे इंजिनिअरने नाही, कराच्या रेषेने ठरवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे क्रूझर सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती या शतकाच्या सुरुवातीला. २००१ मध्ये बजाजने कावासाकीसोबत एलिमिनेटर आणली, १७५ सीसी. २००२ मध्ये रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड आली. तिचं ॲल्युमिनियमचं इंजिन ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या मदतीने बनवलेलं. २००५ मध्ये बजाजची ॲव्हेंजर आली, पल्सर १८० चं इंजिन घेऊन. मग २०० आणि २०१० मध्ये २२०. ॲव्हेंजर २२० चे आकडे बुलेटच्या शेजारी ठेवा : व्यास ६७, पल्ला ६२.४ मिलिमीटर. बुलेटच्या बरोब्बर उलट. बैठक क्रूझरची, पण इंजिन पळणारं, वर फिरवलं तरी न कुरकुरणारं.

हा निव्वळ योगायोग नव्हता. त्याच दशकात सुवर्ण चतुष्कोण योजनेतून आपला एनएच ४ चौपदरी झाला. वडाची झाडं गेली, दुभाजक आला, आणि ६० चा रस्ता बघता बघता १०० चा झाला. रस्ता वाढला तशी गाडीकडून अपेक्षा वाढली. अगदी आपल्या वाईच्या एमआयडीसीत २०११ मध्ये गरवारे मोटर्सने कोरियाच्या ह्योसंग गाड्यांची जुळणी सुरू केली. त्यात ६७८ सीसीची एसटी ७ ही क्रूझरही होती. ते प्रकरण पुढे टिकलं नाही, पण साताऱ्याच्या पोरांनी मोठी क्रूझर पहिल्यांदा जवळून बघितली ती तेव्हा.

मीही त्याच सुमारास एक वापरलेली छोटी क्रूझर घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता, माझा होता. एका संध्याकाळी शिरवळच्या अलीकडे एका लांब ट्रेलरच्या मागे होतो. तो ६० ला, मी ७० ला. उजवीकडे घेतलं, थ्रॉटल पूर्ण पिळला. वेग वाढला, पण अगदी हळूहळू. अर्ध्या ट्रेलरला पोचलो आणि समोरून वारा असा आला की काटा ८५ वर येऊन थांबला. मागून एका कारने अप्पर-डिपर मारायला सुरुवात केली. ना पुढे निघता येतंय, ना मागे येता येतंय. डावीकडे ट्रेलरची चाकं, उजवीकडे दुभाजक, मागे ती कार. त्या दहा-बारा सेकंदांत घरचे सगळे डोळ्यांसमोर आले. ट्रेलरच्या ड्रायव्हरने आरशात बघून वेग कमी केला, म्हणून आज ही पोस्ट लिहितोय.

नंतर मी गणित मांडून बघितलं. तुम्हीही बघा. ट्रक ६० ने आणि बाईक ८० ने असेल, तर फरक सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकच्या मागे सुरक्षित अंतरावरून निघून त्याच्या पुढे सुरक्षित अंतरावर यायला साधारण ५५ मीटर जास्त कापावे लागतात. म्हणजे पूर्ण १० सेकंद. एवढ्या वेळात १२० ने येणारी कार तुमच्यापेक्षा ११० मीटर जास्त कापते. निघताना आरशात लांब, ठिपक्याएवढी दिसलेली कार तुमच्या मागच्या चाकाशी येते.

दुसरं गणित वाऱ्याचं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. ८० वर वारा कापायला जेवढी ताकद लागते, तिच्या जवळपास दुप्पट १०० वर लागते आणि सव्वातीन पटीहून जास्त १२० वर. त्यात क्रूझरवर आपण छाती काढून, पाय पसरून बसलेले, म्हणजे शिडासारखे. म्हणून २० हॉर्सपॉवरची क्रूझर ८० ला गाणं म्हणत जाते, १०० ला गप्प होते आणि ११० च्या पुढे हात टेकते. त्यात मागे माणूस आणि बॅग असेल, तर आणखी आधी.

आजच्या ३५० गाड्या जुन्या बुलेटसारख्या थरथरत नाहीत, हे मान्य करायलाच हवं. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या मीटिअर ३५० मध्ये कंप मारणारी बॅलन्सर शाफ्ट आहे, दोन्ही चाकांना एबीएस आहे, ट्यूबलेस टायर आहेत. पण ताकद बघा : २० हॉर्सपॉवर. सत्तर वर्षांत १८ वरून २०! आणि हे न जमल्यामुळे नाही. त्याच कंपनीने २०२३ मध्ये सुपर मीटिअर ६५० आणली, दोन सिलिंडर, ४६ च्या आसपास हॉर्सपॉवर. ती १२० ला आरामात जाते. मग सगळे तीच का घेत नाहीत? वजन २४१ किलो, पेट्रोल जास्त, किंमत जास्त, आणि वर कर.

इथे रेगनची रेषा आठवा. आपल्याकडे २०१७ च्या जीएसटीत ३५० सीसीपर्यंत २८ टक्के आणि त्यावर गेलं की ३ टक्के सेस. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर ३५० पर्यंत १८ टक्के आणि पुढे थेट ४० टक्के. माझ्या भाच्याने ३५० निवडली, ती त्याला वाटतं त्याच्या आवडीने. खरं तर अर्धी निवड दिल्लीत झालेली आहे.

आणि वेगही दिल्लीतच ठरलाय. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर कारला १००, दुचाकीला ८०. म्हणजे कायद्याच्या भाषेत "हायवेचा स्पीड" ८० असेल, तर ३५० ची क्रूझर त्या वेगासाठी अगदी मापात शिवलेली गाडी आहे. लांब चाकांतर, खाली वजन, सरळ रस्त्यावर स्थिर. ८० ला इंजिन निवांत असतं आणि ओव्हरटेकला थोडा दम शिल्लक असतो. तेव्हा "दम नाही" म्हणणारे मित्र चुकताहेत.

पण मग माणसं का मरताहेत? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले. त्यात साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे. कारण ८० ची गाडी, १२० च्या कार आणि ५० चे ट्रक यांना आपण एकाच दोन-तीन पट्ट्यांत सोडलंय. ट्रक उजवी लेन सोडत नाही, म्हणून कार डावीकडून घुसते, आणि डावीकडे असतो बाईकवाला. नवले पुलाचा उतार घ्या. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकमुळे तिथे चाळीसहून अधिक गाड्या एकमेकांत अडकल्या. तिथे तुमच्याकडे ३५० आहे की ६५०, याने काय फरक पडणार होता?

रस्ता बांधताना दुचाकीचा विचार दोनच प्रकारे झाला. एक तर बंदी, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धीसारखी. नाही तर दुर्लक्ष. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, हे खरं. पण पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्याचा सेस आम्ही भरतोच ना? मग साइडपट्टी सलग का नाही? सर्व्हिस रोड गावाच्या पुढे अचानक संपतो आणि बाईकवाल्याला थेट ९० च्या रहदारीत ढकलतो, तो कुणाला विचारून? दुभाजकाला हॉटेलवाल्यांसाठी पाडलेले कट बुजवायचे कुणी? एबीएस २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. गाडी सुधारायला लावली, चांगलं केलं. आता रस्त्यालाही तशीच सक्ती करा.

तर भाच्या, तुझं उत्तर. घे ती गाडी. ८० ला चालव, फार तर ९०. ट्रेलरला ओव्हरटेक करण्याआधी आरशात बघ आणि दहा सेकंद मोजता येतील एवढी जागा असेल तरच निघ. पाय पुढे असल्यामुळे खड्ड्यावर उभं राहता येत नाही, धक्का थेट कंबरेत बसतो, तेव्हा खड्डा लांबून बघायला शीक. सोमवारी पहाटे अंधारात निघू नकोस, रविवारी संध्याकाळी उजेडात जा. एक जेवण कमी मिळेल घरचं, चालेल.

आणि बाकीच्यांना विनंती. शिरवळ ते कात्रज आणि इकडे आपल्या तालुक्याच्या हद्दीत सर्व्हिस रोड कुठे अर्धवट संपतो, कुठे बेकायदा कट आहे, ते जागेच्या नावानिशी खाली लिहा. फोटो असेल तर टाका. यादी करून मी स्वतः महामार्ग प्राधिकरणाच्या कार्यालयात देणार आहे आणि पोच इथेच टाकणार आहे. "जागीच ठार" लिहून हात दुखलेत. पुढची बातमी तरी "सर्व्हिस रोड पूर्ण" अशी लिहायला मिळू दे.